नाव निघालं, त्याच्याच दारात

मतदानोत्तर सर्वेक्षणाला जाणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षणात सगळ्यात आधी एक बंधन सांगावं लागतं: कोणाशी बोलायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. प्रश्नावली पाठ होते, टॅबलेटवरचं ॲप दोन तासांत जमतं. हे बंधन मात्र गावात पाऊल टाकताच जड वाटायला लागतं. पारावर चार माणसं गप्पा मारत बसलेली असतात, राजकारणावर बोलायला एका पायावर तयार असतात आणि आपल्याला जायचं असतं दीड किलोमीटरवरच्या वस्तीतल्या एका आजीकडे, कारण यादीतून तिचं नाव निघालेलं असतं.

नाव निघण्याची पद्धत साधी आहे. राज्यातले काही मतदारसंघ निवडायचे, त्यातली काही मतदान केंद्रं निवडायची आणि प्रत्येक केंद्राच्या मतदार यादीतून माणसं काढायची. समजा यादीत १००० नावं आहेत आणि २५ काढायची आहेत. भागाकार ४०. एक ते चाळीसमधला एक आकडा चिठ्ठीनं काढायचा. १७ निघाला तर सतरावा मतदार, मग ५७, मग ९७, असं शेवटपर्यंत. त्यात सरपंच येईल किंवा येणार नाही. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेनं १९६७पासून निवडणुकांचे अभ्यास केले आणि तिच्या ‘लोकनीती’ या उपक्रमानं १९९५नंतर ही पद्धत देशभर नेली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले प्राध्यापक या कामात होते. सुहास पळशीकर तर लोकनीतीचे सहसंचालक राहिले.

एवढ्याशा माणसांवरून राज्याचं मत कसं कळतं, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. शितावरून भाताची परीक्षा आपण मान्य करतो, कारण पातेल्यात वाफ सगळीकडे सारखी पोचलेली असते. समाजात ती तशी पोचलेली नसते. म्हणून शीत कुठून उचललं याला महत्त्व येतं. निवड खरोखर चिठ्ठीवर सोडली असेल तर हजार माणसांच्या नमुन्यात साधारण तीन टक्क्यांची चूक इकडेतिकडे धरावी लागते. ती निम्म्यावर आणायची तर माणसं चौपट लागतात. निवडच वाकडी असेल तर मात्र कितीही माणसं घ्या, उपयोग नसतो. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं १९३६मध्ये सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींवरून, म्हणजे मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. त्यातही उत्तर पाठवण्याची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टवर नाराज असलेले जास्त होते.

आपल्याकडे यादी मतदारांचीच असते, पण यादीतला मतदार सापडणं हे वेगळंच काम. घर क्रमांक बऱ्याचदा गावाला माहीत नसतो. मग किराणा दुकान, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका असं विचारत जायचं. एकाच नावाच्या तिघी निघतात. वय आणि नवऱ्याचं नाव जुळवून त्यातली आपली ओळखायची. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत तसंच असतं. वारलेल्या माणसाचंही असतं. नोव्हेंबरात बीडकडे गेलात तर घरामागून घर कुलूपबंद दिसतं, माणसं कोयते घेऊन कारखान्यांच्या रानात गेलेली. ‘त्यांच्याऐवजी मला विचारा की,’ असं शेजारी आपुलकीनं म्हणतात. त्यांना नाही म्हणावं लागतं. बदली माणूस घ्यायचा नसतो, म्हणून आधीच लागतील त्यापेक्षा जास्त नावं काढलेली असतात.

वेळही हात बांधून टाकते. मतदान झाल्यावर आणि निकाल लागण्याआधी हे काम उरकावं लागतं, कारण निकाल कळला की काही जण जिंकणाऱ्यालाच मत दिल्याचं सांगू लागतात. २०२४च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं आणि मोजणी २३ तारखेला. मधले दोन दिवस. त्यातही मजूर कामावरून परतायच्या आत पोचलो तर घर रिकामं, उशिरा पोचलो तर जेवणाची वेळ.

दारात पोचल्यावर पहिला प्रश्न आपण विचारत नाही, आपल्याला विचारला जातो. ‘कुठले तुम्ही? आडनाव काय?’ महाराष्ट्रात हा प्रश्न जातीचाच असतो हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. आरक्षणाबद्दलचं पुढचं उत्तर त्या आडनावाकडे बघून बेतलं जाऊ शकतं. दुसरी शंका सरकारची. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार जमा होऊ लागल्यावर बायका आधी खात्री करून घ्यायच्या: ‘बोललं म्हणून पैसे बंद नाही ना होणार?’ आम्ही सरकारचे नाही, पक्षाचे नाही, तुमचं नाव कुठे छापलं जाणार नाही, हे सावकाश, दोनदा सांगायचं. घाईनं सांगितलं तर विश्वास बसत नाही.

तोवर अंगणात माणसं जमतात आणि बाईंच्या आधी नवरा उत्तर देतो. ‘मला काय कळतंय, ह्यांनाच विचारा,’ असं म्हणून बाई आत वळतात. इथं मुलींचा उपयोग होतो. त्या चुलीपाशी जाऊन बसतात, प्रश्न पुन्हा वाचतात आणि गप्प राहतात. प्रश्न समजावून सांगायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही, छापला आहे तसाच वाचायचा. थोडा वेळ गेला की त्याच बाई पाणी, रेशन आणि सोयाबीनच्या भावाबद्दल नेमकं बोलतात. कधी ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर असतं आणि ते तसंच नोंदवायचं असतं.

मत कोणाला दिलं, हे तोंडानं विचारत नाहीत. पक्षांची चिन्हं छापलेला कागद हातात देतात. खूण करायची, घडी घालायची आणि सोबतच्या पेटीत टाकायची. मुलाखत घेणारा पाठ फिरवून उभा राहतो. आधी गुळमुळीत बोलणारा माणूस इथं ठामपणे खूण करतो.

या सगळ्या प्रक्रियेत मोह आडवा येतो. जो घरी आहे, नीट बोलतो, चहा देतो, त्याच्याकडे मुलांचे पाय आपोआप वळतात. लबाडी नसते त्यात. माणसाचा हात कसा ओढला जातो, हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात शेतात दाखवून दिलं होतं. पिकाचा अंदाज घ्यायला शेतातला छोटा तुकडा कापून धान्य मोजत. बंगालमध्ये दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान तुकडे वापरत, सुखात्मे मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरत. लहान तुकड्यावरून काढलेला अंदाज फुगतो, असं सुखात्मे यांचे प्रयोग सांगत होते. कारण असं की हद्दीवरचं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत घेतो. तुकडा लहान असेल तर अशा कडेच्या रोपांचं प्रमाण वाढतं. आमच्या कामात पारावरचा बोलका माणूस म्हणजे असं हद्दीवरचं रोप.

माहिती जमल्यावर नमुना जनगणनेशी ताडून बघतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शहरी लोक सुमारे ४५ टक्के, अनुसूचित जाती १२, अनुसूचित जमाती ९ टक्के होत्या. आपल्याकडे बायका किंवा शहरी माणसं कमी आली असतील तर त्यांच्या उत्तरांना गणितानं वजन देतात. पण २०२१ची जनगणना झाली नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुणे, ठाणे, रायगडकडची वस्ती एवढ्या वर्षांत किती बदलली हे उघड दिसतं, तरी तोलायला वजनं जुनीच आहेत. शिवाय शहरातल्या उंच इमारतींत वॉचमनच्या पुढे जाता येत नाही. झोपडपट्टीत दार उघडं असतं, संकुलात बंद. सुशिक्षित, सुस्थितीतला मतदार अनेकदा गणितात उरतो, प्रत्यक्ष सापडत नाही.

म्हणून सर्वेक्षणाचा आकडा वाचताना किती लोकांना विचारलं एवढ्यावर थांबू नका. ते कसे निवडले, दारात जाऊन विचारलं की फोनवर आणि निवडलेल्यांपैकी किती भेटले, हे छापलेलं आहे का ते बघा. नसेल तर त्या आकड्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. आणि कधी तुमचंच नाव निघालं, तर त्या मुलाला किंवा मुलीला अर्धा तास द्या. तुम्ही दार लावलंत तर तुमच्या जागी दुसऱ्या कोणाला घेतलं जात नाही. तुमच्यासारख्यांचं मत त्या हिशेबातून तेवढं कमी होतं.