अंतराळातील अणुभट्टी आणि तिचे गणित

बहुसंख्य उपग्रह सूर्यप्रकाशापासून वीज मिळवतात. परंतु सूर्यापासून फार दूर जाणाऱ्या किंवा सतत मोठ्या प्रमाणात वीज लागणाऱ्या यानास हा मार्ग अपुरा पडतो. अशा यानांसाठी छोट्या अणुभट्टीची कल्पना पुढे आली. सोव्हिएत संघाने १९८७ साली ‘कॉसमॉस १८१८’ आणि ‘कॉसमॉस १८६७’ या दोन उपग्रहांवर ‘टोपाझ’ नावाची थर्मिऑनिक अणुभट्टी पाठवली.

या भट्टीत वाफ नसते, फिरणारे चक्रही नसते. धातू अतिशय तापला, की त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. अणुइंधनाभोवतीचे तप्त धातूचे आवरण हा उत्सर्जक होय. अरुंद फटीपलीकडे असलेला, तुलनेने थंड धातू हा संग्राहक होय. उत्सर्जकातून निघालेले इलेक्ट्रॉन संग्राहकाकडे जातात आणि यानातील उपकरणांतून फिरून परत येतात. हाच विद्युतप्रवाह. मात्र फटीत इलेक्ट्रॉनांची दाटी झाली, की ते मागून येणाऱ्यांना परत लोटतात. ही अडचण टाळण्यासाठी फटीत सीझियम या धातूची वाफ सोडतात.

टोपाझमध्ये सुमारे १५० किलोवॅट उष्णतेपासून केवळ ५ किलोवॅटच्या आसपास वीज मिळत असे. उरलेली उष्णता बाहेर टाकणे भाग होते. निर्वात अवकाशात हवा नाही, पाणी नाही. त्यामुळे तप्त पृष्ठभागावरून होणारे प्रारण हाच एक मार्ग उरतो. येथे ‘एक सांधावे तर तेरा तुटतात’ असा प्रकार होतो. उत्सर्जक अधिक तापवावा, तर वीज वाढते. पण धातू व इंधन लवकर खराब होतात. उष्णता टाकणारे पृष्ठभाग थंड ठेवावेत, तर त्यांचा आकार वाढतो. त्यांचे निरपेक्ष तापमान निम्मे केले, तर तेवढीच उष्णता टाकण्यास सोळापट पृष्ठभाग लागतो. असा बोजा यानाला कसा पेलवणार?

म्हणूनच भट्टी घडवण्यापूर्वी तिचे गणिती प्रारूप तयार करतात. इंधनातील उष्णता, उत्सर्जकाचे तापमान, सीझियमच्या वाफेचा दाब, शीतकाचा प्रवाह आणि मिळणारी वीज यांचे परस्परसंबंध समीकरणांत मांडतात. एक राशी बदलली, की इतर राशी किती बदलतील, हे संगणकावर पाहता येते. अवकाशात गेलेली भट्टी दुरुस्त करता येत नाही. म्हणून चूक आधीच सापडणे हिताचे असते. टोपाझच्या पहिल्या उड्डाणात भट्टी काही महिने, तर दुसऱ्यात सुमारे अकरा महिने चालली. सीझियमचा साठा संपला, की तिचे कार्य थांबे.

तथापि गणितालाही कसोटी हवी. ‘येनिसेई’ अर्थात ‘टोपाझ-२’ या दुसऱ्या सोव्हिएत भट्टीची रचना अशी होती, की अणुइंधनाच्या जागी विजेचे तापक बसवून ती जमिनीवर चालवता येई. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आल्बुकर्की येथे तिच्या अशा चाचण्या झाल्या. अणुइंधनाचा धोका न पत्करता प्रत्यक्ष मोजमापे मिळाली आणि ती समीकरणांच्या उत्तरांशी ताडून पाहता आली. ही भट्टी अवकाशात कधीच गेली नाही. पण जमिनीवरील मोजमापांशी जुळणाऱ्या गणितावरच अवकाशात विसंबता येते, हे या चाचण्यांवरून ध्यानात येते.