काचेवरचा न हलणारा ठिपका

पुढच्या वेळी एक्स्प्रेस-वे सोडून वलवणला उतरलात, की चहाच्या निमित्ताने थांबा आणि जरा मान वर करा. एखादं विमान दिसेलच. एवढ्या मोठ्या आकाशात दोन विमानं आमनेसामने येतीलच कशी, असं वाटतं ना? पण येतात!

७ फेब्रुवारी २०१८. मुंबईच्या हवाई हद्दीत, कंट्रोलच्या देखरेखीखाली एअर इंडियाचं मुंबई-भोपाळ विमान २७ हजार फुटांवर होतं. दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान उतरत उतरत २७,१०० फुटांवर आलं. उंचीत हजार फुटांचा फरक हवा होता, उरला शंभर. म्हणजे जेमतेम दहा मजली इमारतीएवढा! दोन्ही विमानांत मिळून अडीचशेहून जास्त प्रवासी होते. कॉकपिटमध्ये ‘टीकॅस’ या यंत्राने इशारा दिला, एअर इंडियाच्या कॅप्टन अनुपमा कोहली यांनी तो लगेच पाळला आणि टक्कर टळली.

समोरासमोर येणारी दोन जेट विमानं ताशी १६०० किलोमीटरने जवळ येतात. त्या वेगाने वलवण ते पुणे अंतर तीन मिनिटांच्या आत संपेल. विचार करायला वेळ कुठे? म्हणून टीकॅस एकाला ‘वर जा’ सांगतं, दुसऱ्याला ‘खाली’. १९९६ मध्ये चरखी दादरीला दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात मोठ्या प्रवासी विमानांना ही यंत्रणा सक्तीची झाली. २००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एका पायलटने यंत्राचं ऐकलं, दुसऱ्याने कंट्रोलरचं. दोघेही खाली आले, ७१ जण गेले. आता नियम स्पष्ट आहे: अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं.

पण बारामतीला विद्यार्थी शिकतात, तसल्या छोट्या विमानांत बहुतेकदा टीकॅस नसतं. तिथे भिस्त डोळ्यांवर. काचेवर सरकणारा ठिपका बाजूने निघून जातो. एकाच जागी राहून मोठा होणारा ठिपका मात्र थेट तुमच्यावरच येत असतो. आणि पंचाईत अशी, की आपला डोळा हलणारं पटकन टिपतो, स्थिर ते सोडून देतो. म्हणून पायलट नजर सतत फिरती ठेवतात. समोरासमोर आलेच, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. आपल्या मावळात कामशेतला पॅराग्लायडिंग करणारेही हेच शिकतात. फक्त कड्यालगत उडताना ज्याच्या उजव्या हाताला डोंगर, त्याला आधी जाऊ द्यायचं. त्याला उजवीकडे वळायला जागाच नसते!

तुम्ही विमान चालवत नसाल, पण गाडी चालवताच की. आडव्या रस्त्याने येणारी बाइक आणि तुमची गाडी यांचे वेग जुळले, तर ती बाइक पुढच्या काचेच्या खांबाआडच राहते. अगदी शेवटपर्यंत. त्यामुळे वलवणहून निघताना मोठ्या रस्त्याला लागण्याआधी डोकं जरा पुढे-मागे हलवून बघा. न हलणारा ठिपका तिथेही असू शकतो.