कोंबड्यांच्या अंगणात बदके

(खेड्यातील अनेक घरांत कोंबड्या असतात. त्यांच्याच अंगणात बदके पाळायची असतील, तर दोन्ही पक्ष्यांचे स्वभाव आणि गरजा ओळखाव्या लागतात. त्यांची माहिती या पाठात दिली आहे.)

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे शेजारी जिल्हे. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते. वाईवरून ती कऱ्हाडला येते. तेथे तिला कोयना मिळते. पुढे ती सांगलीकडे जाते. नदीकाठी ऊस, भुईमूग, सोयाबीन ही पिके होतात. पण याच जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी, जत असे कमी पावसाचे तालुकेही आहेत. पाणी कमी असो वा जास्त, गावोगावी एक दृश्य मात्र सारखे दिसते. घरामागे खुराडे असते आणि अंगणात चार-सहा कोंबड्या दाणे टिपत असतात. अंडी विकून आलेल्या पैशांतून घरातल्या बाईला मीठमिरची घेता येते, मुलांच्या वह्या आणता येतात. म्हणून हे पक्षी थोडे असले, तरी ते घराचा आधार असतात.

या अंगणात बदके का आणावीत? गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. 'खाकी कॅम्पबेल' जातीचे बदक नीट सांभाळले, तर अडीचशे ते तीनशे अंडी देते. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. बदकाचे अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे असते. शिवाय बदके गोगलगायी, अळ्या आणि किडे आवडीने खातात.

'बदक' हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. उर्दूत तुम्ही ज्याला 'बतख' म्हणता, तोच हा पक्षी. बदकाला तळे लागतेच, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पोहायला पाणी मिळाले तर ते आनंदाने पोहते. पण जतसारख्या कोरड्या भागातही ते राहू शकते. त्याला फक्त चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतके खोल पाणी हवे. जुने घमेलेही चालते. पाणी मात्र रोज बदलावे. घाण झालेले पाणी लिंबाच्या किंवा पपईच्या झाडाला घालावे.

आता एक गमतीची गोष्ट पाहा. खाकी कॅम्पबेलची मादी भरपूर अंडी देते, पण ती उबवायला सहसा बसत नाही. मग पिल्ले कशी मिळणार? हे काम कोंबडी करते. खुडूक कोंबडीखाली बदकाची आठ-नऊ अंडी ठेवतात. ती बिचारी ती आपलीच समजून उबवते. पण येथे एक हिशेब चुकता कामा नये. कोंबडीच्या अंड्यातून एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येते. खाकी कॅम्पबेलच्या अंड्याला अठ्ठावीस दिवस लागतात. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली, तर एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्ले बाहेर येतात आणि कोंबडी त्यांना घेऊन उठते. बदकाची अंडी थंड पडतात व आतला जीव मरतो. म्हणून बदकाची अंडी सात दिवस आधी ठेवावीत. त्याहून बरे म्हणजे कोंबडीखाली फक्त बदकाचीच अंडी ठेवावीत.

बदकाची पिल्ले जन्मतःच पाण्याकडे ओढ घेतात. ती पाण्यात शिरली, की कोंबडी काठावर उभी राहून ओरडत सुटते. तिची काळजी अगदीच खोटी नसते. मोठ्या बदकाच्या पिसांना तेलकट थर असतो, त्यामुळे ती भिजत नाहीत. कोंबडीने उबवलेल्या पिल्लांना आई-बदकाच्या पिसांतले तेल मिळत नाही. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. म्हणून पहिले काही आठवडे त्यांना प्यायला पाणी द्यावे, पोहायला सोडू नये.

दिवसा कोंबड्या आणि बदके एकाच अंगणात फिरली तरी चालते. रात्री मात्र दोघांची जागा वेगळी असावी. कोंबडी उंच दांडीवर बसून झोपते. बदक जमिनीवर झोपते. बदकाची विष्ठा पातळ असते आणि ते पाणीही फार सांडते. खुराड्यातला भुसा ओला झाला, की कोंबड्यांना रक्ती हगवण होते. एका ओल्या खुराड्यामुळे सगळी पिल्ले जाऊ शकतात. बदके बहुतेक पहाटे अंडी घालतात. त्यांना सकाळी नऊच्या सुमारास बाहेर सोडावे, म्हणजे अंडी खुराड्यातच मिळतात. पाच-सहा माद्यांमागे एकच नर ठेवावा. नर जास्त झाले, तर ते माद्यांना आणि कोंबड्यांनाही जखमी करतात.

खाद्याच्या बाबतीतही फरक आहे. कोंबडी कोरडा दाणा सहज गिळते. बदकाला भरडा आणि कोंडा पाण्यात कालवून द्यावा व जवळ पाणी ठेवावे, नाहीतर त्याच्या घशात घास अडकतो. कालवलेले खाद्य उरले, तर ते दुसऱ्या दिवशी देऊ नये. आपल्या भागात भुईमुगाची पेंड सहज मिळते. पावसाळ्यात तिला बुरशी येते. या बुरशीत एक विष तयार होते आणि बदकाची पिल्ले त्याला लगेच बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली. बदकाची पिल्लेही त्यांत सापडली. शोध घेतला, तेव्हा दोष बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा निघाला. म्हणून बुरशी आलेली पेंड किंवा मका वाळवून, निवडूनही पक्ष्यांना घालू नये. ती फेकून द्यावी.

रोगांपासून तर फारच जपावे लागते. राणीखेत हा कोंबड्यांचा भयंकर रोग आहे. तो उत्तराखंडातील राणीखेत या गावाच्या नावाने ओळखला जातो. तो आला, की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. बदकात या रोगाची लक्षणे फारशी दिसत नाहीत, पण ते रोग पसरवू शकते. कोंबड्यांना वेळेवर लस टोचणे हाच यावर उपाय आहे. २००६ साली फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला. भारतात तो प्रथमच आला होता. त्या वेळी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग पाणपक्ष्यांतून येऊ शकतो. खटाव तालुक्यातील मायणीसारख्या तलावांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येतात. ते पाहायला आपण जरूर जावे. पण आपली बदके तेथे सोडू नयेत.

बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. एकाएकी पक्षी मरू लागले, तर त्यांना हात लावू नये, ते विकू नयेत किंवा ओढ्यात टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिले आहे. पक्ष्यांचे काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि बदकाचे अंडे नेहमी पूर्ण शिजवूनच खावे.

कृष्णाकाठच्या मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेला मोठे पूर आले. अशा वेळी बदक तरंगते, पण कोंबडी बुडते. आणि खुराड्याचे दार बंद असेल, तर बदकही वाचत नाही. पाणी चढू लागले, की गुरांबरोबर डालग्यातले हे जीवही उंच जागी न्यावेत.

मुलांनो, अंगण एकच, पण त्यात राहणाऱ्या पक्ष्यांच्या गरजा निराळ्या. त्या ओळखून ज्याला त्याला हवे ते दिले, तर दोन्ही पक्षी सुखाने नांदतात आणि घराला हातभार लावतात.

शब्दार्थ
खुराडे : कोंबड्यांचे घर (दडबा)
खुडूक कोंबडी : अंडी उबवायला बसलेली कोंबडी (कुड़क मुर्ग़ी)
डालगे : कोंबड्या झाकण्याची किंवा नेण्याची बांबूची मोठी टोपली
पेंड : तेल काढल्यावर उरलेला चोथा (खली)
बुरशी : फफूँदी

स्वाध्याय
१. बदकाची अंडी कोंबडीच्या अंड्यांपेक्षा सात दिवस आधी का ठेवावीत?
२. रात्री कोंबड्या आणि बदके वेगळी का ठेवावीत? दोन कारणे लिहा.
३. तुमच्या ओळखीच्या घरी कोंबड्या असल्यास त्यांची काळजी कशी घेतात ते विचारा आणि पाच वाक्ये लिहा.