यकृताचा अँजिओसारकोमा : निदान आणि आकलन

यकृताचा कर्करोग म्हटला की सर्वसामान्यांच्या मनात मद्यपान व कावीळ ही दोनच कारणे येतात. बहुतेक रुग्णांत हिपॅटायटिस ‘बी’ वा ‘सी’चा विषाणू, मद्यपान किंवा यकृतात साचलेली चरबी यांपैकी एखादे कारण आढळतेही. परंतु काही कर्करोग या परिचित वाटेने येत नाहीत. ‘अँजिओसारकोमा’ हा त्यांपैकी एक होय. यकृतात उद्भवणाऱ्या कर्करोगांत त्याचे प्रमाण फार तर २ टक्के असते. तथापि त्याची उग्रता लक्षात घेता देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना त्याची माहिती असावी, या हेतूने हा लेख अहवालात समाविष्ट करीत आहोत.

यकृताचा नेहमीचा कर्करोग यकृताच्या मुख्य पेशींत सुरू होतो. अँजिओसारकोमा मात्र तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून वाढतो. त्यामुळे गाठी रक्ताने भरलेल्या असतात व बहुधा एकाच वेळी अनेक ठिकाणी आढळतात. गाठ फुटल्यास पोटात गंभीर रक्तस्राव होतो. साठीच्या आसपासच्या पुरुषांत हा आजार तुलनेने अधिक दिसतो.

१९७४ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे पीव्हीसी प्लॅस्टिक तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांत हा दुर्मिळ आजार एकापाठोपाठ एक आढळला आणि व्हिनिल क्लोराइड वायूशी त्याचा संबंध उघड झाला. थोरोट्रास्ट हे किरणोत्सर्गी द्रव्य १९३० ते १९५० च्या दशकांत क्ष-किरण तपासणीसाठी शिरेतून देत असत. ते यकृतात कायमचे साठून राही व काही दशकांनी हा कर्करोग उद्भवे. दीर्घकाळ शरीरात जाणारे आर्सेनिक हेही एक ज्ञात कारण आहे. तरीही बहुतांश रुग्णांत कोणतेच कारण सापडत नाही. ‘यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, मग हे कसे?’ असे विचारणाऱ्या कुटुंबीयांनी स्वतःला वा रुग्णाला दोष देऊ नये. हा आजार संसर्गजन्यही नाही.

निदान मात्र कठीण असते. पोटदुखी, थकवा, वजन घटणे, कावीळ, पोटात पाणी होणे ही लक्षणे इतर अनेक विकारांतही दिसतात. यकृताच्या कर्करोगासाठी केली जाणारी अल्फा-फीटोप्रोटीन ही रक्ततपासणी येथे बहुधा सामान्य येते. सी.टी. स्कॅनवर ही गाठ कधीकधी रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठीसारखी भासते. खात्री बायॉप्सीनेच होते. पण सुई घालताच रक्तस्रावाचा धोका असल्याने काही वेळा मानेतील शिरेच्या मार्गाने तुकडा घ्यावा लागतो. त्यावर सीडी ३१, सीडी ३४ यांसारख्या विशेष चाचण्या करून पेशींचे मूळ ओळखले जाते.

‘बरा होणारा आजार नसेल तर एवढ्या खर्चिक तपासण्या कशासाठी?’ असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर यकृत प्रत्यारोपणात आहे. नेहमीच्या कर्करोगात निवडक रुग्णांना प्रत्यारोपणाने जीवदान मिळते. अँजिओसारकोमात मात्र रोग लवकरच परततो, म्हणून प्रत्यारोपण केले जात नाही. निदान चुकले तर कुटुंब जमीन वा दागिने विकून लाखो रुपये उभे करते, घरातील एखादी व्यक्ती स्वतःच्या यकृताचा भाग देते, आणि पदरी काही पडत नाही. अचूक निदान हा अनर्थ टाळते. रोग यकृताच्या एकाच भागापुरता असल्यास शस्त्रक्रिया शक्य असते. एरवी केमोथेरपीचा मर्यादित उपयोग होतो. बहुतेक रुग्णांच्या हाती काही महिनेच असतात. ते वेदनारहित जावेत, ही जबाबदारी उपशामक उपचारांची.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ एए खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. एका रुग्णाच्या तपासण्यांची मालिका लांबली की या निधीवर मोठा ताण येतो, आणि तेथेच देणगीदारांचे साहाय्य मोलाचे ठरते. अशा देणगीतून रुग्ण वाचलाच, असे आम्ही दरवेळी सांगू शकणार नाही. परंतु एका कुटुंबाला वेळेवर सत्य कळले, त्याचे घरदार शाबूत राहिले व रुग्णाचे अखेरचे दिवस शांततेत गेले, ही नोंदही आम्ही जमेच्या बाजूसच धरतो.