वेल्डिंग जनरेटरचे व्होल्टेज कमी येतेय? आधी इंजिनचे फेरे तपासा

बार्शी भागात तुरीची रास आटोपून ज्वारीची काढणी तोंडावर आली, की वेल्डिंगची कामे वाढतात. कुठे ट्रॉलीचा हूक तुटलेला असतो, कुठे मळणी यंत्राच्या सांगाड्याला तडा गेलेला असतो, तर कुठे द्राक्षबागेच्या मांडवाचा अँगल वाकलेला असतो. शेतात वीज नसली, की इंजिनवरचा वेल्डिंग जनरेटर नेला जातो. त्यावरच ग्राइंडर आणि कधी पाण्याची मोटरही चालवली जाते. अशा वेळी २३० ऐवजी १८०-१९० व्होल्टच मिळाले, तर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळू शकते. म्हणून दोष सापडेपर्यंत मोटर जोडू नका.

दोष कोणत्या बाजूला आहे?

- वेल्डिंग आणि प्लग, दोन्ही कमजोर: इंजिनचे फेरे किंवा जनरेटरचे फील्ड तपासा.
- फक्त प्लगला व्होल्टेज कमी: त्या बाजूची वायरिंग, ब्रेकर, सॉकेट तपासा. काही मशिनमध्ये वेल्डिंग करंटचा नॉब कमी ठेवला, तर प्लगचे व्होल्टेजही उतरते. नॉब पूर्ण वाढवून पुन्हा मोजा.
- फक्त वेल्डिंग कमजोर: अर्थ क्लॅम्प, होल्डर आणि केबलचे सैल किंवा गंजलेले जोड तपासा.

इंजिनचे फेरे

नेमप्लेटवर फेरे लिहिलेले असतात. ५० हर्ट्झसाठी चार पोलच्या जनरेटरला मिनिटाला १५०० आणि दोन पोलच्या जनरेटरला ३००० फेरे लागतात. टॅकोमीटर नसेल, तर हर्ट्झ दाखवणारा मल्टिमीटर पुरेसा आहे. १५०० फेऱ्यांच्या जनरेटरवर ४७ हर्ट्झ दिसले, तर इंजिन १४१० फेऱ्यांवरच चालले आहे असे समजा.

भार नसताना साधारण ५१-५२ हर्ट्झ आणि भार दिल्यावर ५० च्या आसपास असावेत. भार नसतानाच कमी असतील, तर थ्रॉटल किंवा गव्हर्नरची सेटिंग पाहा. ऑटो आयडल असल्यास ते बंद करून मोजा. भार देताच हर्ट्झ खूप घसरत असतील, तर इंजिनला हवा किंवा डिझेल कमी पडते आहे. मळणीच्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, त्यामुळे तो आणि डिझेल फिल्टर आधी पाहा. जनरेटरच्या क्षमतेपेक्षा जास्त भार तर नाही ना, तेही तपासा.

हर्ट्झ बरोबर, पण व्होल्टेज कमी

असे असेल तर फेरे वाढवून व्होल्टेज चढवू नका. फेरे मर्यादेबाहेर गेले, तर जनरेटर आणि त्यावरची उपकरणे दोन्ही बिघडू शकतात. इथे दोष जनरेटरमध्ये असतो. कार्बन ब्रश झिजलेले आहेत का, ते अडकत आहेत का, स्लिप रिंग काळवंडल्या आहेत का, हे इंजिन बंद करून पाहा. मीटरवर फक्त २ ते ५ व्होल्ट दिसत असतील, तर ती रोटरमध्ये उरलेली चुंबकीय शक्ती आहे. फील्डला करंट मिळत नाही. एव्हीआर, कपॅसिटर किंवा फील्ड वाइंडिंग जाणकार मेकॅनिककडूनच तपासून घ्या. कपॅसिटरमध्ये इंजिन बंद केल्यावरही चार्ज राहतो, त्याला हात लावू नका. बॅटरी लावून फील्ड जागे करण्याचा प्रयोगही स्वतः करू नका. उलटी जोडणी झाली तर एव्हीआर जळू शकतो.

लांब केबलचाही विचार करा

२.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमधून १०० मीटरवर १० अँपिअर नेले, तर वाटेतच सुमारे १५ व्होल्ट उतरतात. म्हणून व्होल्टेज आधी जनरेटरच्या सॉकेटवर मोजा, मग मोटरजवळ. फरक मोठा असेल, तर जाड केबल वापरा किंवा जनरेटर मोटरजवळ न्या.

जनरेटर घराच्या बोर्डाला जोडायचा असेल, तर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नका. वीज उलट लाइनवर गेल्यास दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी भार नसतानाचे आणि भारावरचे हर्ट्झ व व्होल्ट असे चार आकडे लिहून ठेवा. त्यावरून इंजिन उघडायचे की जनरेटर, हे लवकर ठरते आणि हंगामातला वेळ वाचतो.