थकवा म्हणजे आळस नव्हे

पौर्णिमेची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आयाबहिणींची एकच तक्रार ऐकू येते, "अंगात त्राणच राहत नाही." दिवसभर निंदण, त्यावर घरचे पाणी आणि सरपण. धारणीत आम्ही हे वर्षानुवर्षे ऐकतो. घरची माणसे मात्र 'आळशी आहे' म्हणून मोकळी होतात. चिनी उपचाराने हा थकवा जातो काय, असे काही जण आम्हाला विचारतात. म्हणून हा विषय घेतला.

चीनशी आपले वैद्यकीय नाते जुने आहे. 1938 साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस 1942 साली तिथेच वारले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे 1959 साली कलकत्त्यात ॲक्युपंक्चर सुरू केले.

चिनी वैद्यक म्हणते, शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहते. अन्न पचविणारी इंद्रिये दुबळी झाली की ती कमी पडते आणि माणूस थकतो. त्यावर वेळेवर गरम जेवण, पुरेशी झोप आणि दाबबिंदू असे उपाय ते सांगते. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बिंदू आहे. त्याच्या चिनी नावाचा अर्थ 'पायाचे तीन मैल'. तो अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबावा. आराम वाटला तर चांगलेच. गरोदर भगिनींनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

पण 'ची' कोणत्याही यंत्राने मोजता आलेली नाही. परंपरेने आले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. चीनच्याच तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातील वनस्पती तपासून मलेरियावरचे औषध काढले. त्यांना 2015 साली नोबेल मिळाले. हा मान परंपरेला नव्हे, तर परीक्षेला मिळाला.

तेव्हा आधी रक्त तपासा. बाईचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. बिंदू दाबून रक्त वाढत नाही. बरबटी, हरभरा, पालेभाजी खावी, वर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर चहा टाळावा. सरकारी दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

दुसरे कारण सिकलसेल. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्याही समाजात तो आढळतो. थकवा, सांधेदुखी, डोळे पिवळे पडणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाने मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारात एक मूल रोगी होण्याचा संभव असतो. 1 जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. सोयरीक जुळविताना पत्रिका कशाला? रक्ताचा कागद पाहा. वाहक असणे हा कलंक नव्हे. ते लपविणे मात्र मुलांवर अन्याय आहे.

आणि रक्त चांगले निघूनही बाई थकत असेल, तर घरातील कामाची वाटणी तपासा. पुरुषांनी दोन हंडे पाणी आणले तर त्यांचे काय बिघडते? आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतः धुतले, उचलून निजविले. आपण निदान घरच्या माउलीला दवाखान्यापर्यंत तरी नेऊ या.

जयभीम!