तूप, वनस्पती की तेल?

मागच्या महिन्यात एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. वय बावन्न. दोन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. "डॉक्टर, घरातलं तूप तेव्हाच बंद केलंय," वहिनी म्हणाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की शंकरपाळे वनस्पती तुपात होतात, तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापते आणि चार माणसांना महिन्याला पाच किलो तेल लागते!

लोणी व साजूक तुपात संपृक्त स्निग्धांश बराच असतो. त्याने रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून हृदयरोग्याने ते बेतानेच खावे, हे खरे. पण त्याऐवजी वनस्पती तूप आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात. १ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही वनस्पती तुपात संपृक्त स्निग्धांश असतोच.

मग तेल कोणते? शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी ही सगळी चालतील. प्रत्येकाचे गुण वेगळे, म्हणून आलटून पालटून वापरावीत. डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दाला भुलू नका. कोणत्याही वनस्पतिज तेलात ते जवळपास नसतेच.

खरी मेख प्रमाणात आहे. तूप असो वा तेल, एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी. तेल 'हलके' असते हा गैरसमज आहे. या घरात माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर तेल जात होते. बैठे काम करणाऱ्यास तेल-तूप मिळून वीस ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच लहान चमचे, पुरे.

वहिनींना मी तीन गोष्टी सांगितल्या. महिन्याचे तेल अडीच किलोच आणा आणि फोडणीला चमच्याने मोजून घाला. तळलेले तेल पुन्हा तळणीला नको. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. आणि वनस्पतीचा डबा घरात आणू नका.

"आणि वरणभातावर तूप?" गृहस्थांनी हळूच विचारले.

"अर्धा चमचा घ्या," मी म्हणालो, "पण त्या दिवशी तेल तेवढेच कमी करा. आणि गोळ्या मात्र एकही चुकवू नका."